साखरांबा की गुळांबा?

कैरी एकाच बरणीपुरती आणि हाताशी एकच दुपार असेल तर दोन्हींतला एकच निवडावा लागतो. पहिल्यांदा करत असाल किंवा बरणी पावसाळ्यानंतरही पुरवायची असेल, तर साखरांबा करा. दोन महिन्यांत फस्त होणार असेल, गरम पोळी आणि वर तुपाची धार हाच बेत असेल, तर गुळांबा. चवीला गुळांबाच सरस, पण तो जरा जास्त लक्ष मागतो.

कैरी दोन्हीला राजापुरी घ्यावी. ती गराची, आंबट आणि कमी रेषांची असते. तोतापुरीला आंबटपणा कमी, त्यामुळे साखरांब्यात काही दिवसांनी साखर पुन्हा खडे धरते. तोतापुरीच मिळाली तर अर्धा किलो किसाला एका लिंबाचा रस पिळा. पाडाला आलेली, म्हणजे पिकायला लागलेली कैरी मात्र नकोच, तिचा कीस शिजताना लगदा होतो.

साल आणि बाठा गेल्यावर ५०० ग्रॅम कीस भरेल एवढी, म्हणजे साधारण पाऊण किलो कैरी घ्या. साखरांब्याला आंबटपणा पाहून ६०० ते ७५० ग्रॅम साखर, गुळांब्याला ५०० ते ६०० ग्रॅम चिरलेला गूळ. वाटीने मोजलं तर कीस कधी दाबून भरला जातो, कधी मोकळा, म्हणून वजनच धरा.

दोन्हींत सगळ्यात जास्त चुकतं ते साखर किंवा गूळ घालण्याच्या आधी. कच्च्या किसावर थेट साखर टाकून शिजवायला घेतलं की ती किसातलं पाणी ओढून घेते, आणि कीस कितीही शिजवला तरी चिवट राहतो. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात चमचाभर तुपावर ३-४ लवंगा परता, त्यावर कीस टाका, झाकण ठेवून मंद आचेवर ५-७ मिनिटं वाफ आणा. पाणी घालायचं नाही. पांढरट कीस काचेसारखा दिसू लागला आणि चिमटीत सहज मोडला की तयार. ॲल्युमिनिअमचं किंवा कल्हई नसलेलं पितळी भांडं नको, कैरीच्या आंबटपणाची धातूवर क्रिया होते.

इथून पुढे वाटा वेगळ्या. साखरांब्यासाठी साखर घातली की ती विरघळून मिश्रण आधी पातळ होतं, मग मध्यम आचेवर १५-२० मिनिटांत आटतं. रस पारदर्शक असल्याने काय चाललंय ते दिसतं. थेंब गार बशीत घेऊन बोटांत धरला की एक तार सुटली पाहिजे. तिथेच गॅस बंद. गार झाल्यावर साखरांबा आणखी घट्ट होतो, म्हणून पातेल्यातच हवा तेवढा दाट केला तर बरणीत चमचा शिरत नाही. तसं झालंच तर २-३ चमचे उकळतं पाणी घालून एक कढ काढा. वेलची, केशर शेवटी.

गुळाचा रंग गडद, त्यामुळे पाक कुठवर आलाय ते नजरेला कळत नाही. तो बुडाला लवकर लागतो आणि एकतारीवरून पुढेही झटकन जातो. शेवटची ५ मिनिटं तर ढवळणं सोडायचं नाही, मिनिटा-मिनिटाला बशीत थेंब पाहायचा. गुळात खडे, कचरा असेल तर पाव वाटी पाण्यात तो विरघळवून गाळून घ्या. तेवढं पाणी आटवायला वेळ जास्त लागेल. चिमूटभर मीठ आणि जायफळ गुळाला छान लागतं.

गूळ पथ्याचा म्हणून गुळांबा करत असाल तर तसं नाही. गुळातही बहुतांश साखरच असते, मधुमेहाला दोन्ही सारखेच जपून.

टिकण्यात साखरांबा पुढे. गूळ पावसाळी हवेत ओल ओढतो, शिवाय इथे तो प्रमाणातही कमी पडतो; मग रस सुटतो आणि आंबूस वास येतो. गुळांबा जूनपासून फ्रिजमध्येच ठेवा. बरणी दोघांचीही कोरडी ठणठणीत हवी, आणि झाकण पूर्ण गार झाल्यावरच लावा. आधी लावलं तर वाफेचे थेंब वरच्या थरावर पडतात आणि बुरशी तिथूनच धरते. बुरशी दिसली की वरचा थर काढून उरलेला खाऊ नका, सगळी बरणी टाका.