करार एकच, सभागृहं दोन: वादविवादात कोणती बाजू घ्याल?

सोमवारपर्यंत बाजू कळवायची आहे, म्हणून दोन विद्यार्थिनी परवा राजारामपुरीत माझ्याकडे आल्या. स्पर्धेचा विषय आहे: ‘आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची मंजुरी सक्तीची असावी.’ दोघींनी वहीत दोन रकाने आखून आणले होते. अमेरिकेखाली ‘सिनेट, दोन तृतीयांश’, भारताखाली ‘मंत्रिमंडळ’. एवढ्यावर बाजू ठरवू नका, म्हटलं. एकच करार वॉशिंग्टनमध्ये कसा गेला आणि दिल्लीत कसा गेला, ते शेजारी ठेवून बघा. हा विषय घेतलेल्या इतरांनाही उपयोग व्हावा, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कागदावरचं आधी थोडक्यात. अमेरिकेत तह अध्यक्ष करतात, पण सभागृहात हजर असलेल्या सिनेटरांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. युद्ध पुकारणं, परदेशी व्यापाराचे नियम करणं आणि सैन्याला पैसा देणं काँग्रेसच्या, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह मिळून बनलेल्या अमेरिकन संसदेच्या हाती. आपल्याकडे राष्ट्रपतींच्या नावाने कारभार चालतो, निर्णय मंत्रिमंडळ घेतं. परदेशांशी करार हा विषय केंद्रसूचीत 14व्या क्रमांकावर आहे, म्हणजे संसद त्यावर कायदा करू शकते. पण करार कसे करावेत याचा कायदा तिने केलेला नाही. त्यामुळे कलम 73 च्या आधारे सरकार सही करतं. कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा लागला तरच, कलम 253 खाली, संसदेची पाळी येते.

आता पहिली जोडी: जागतिक व्यापार संघटनेचा करार. 15 एप्रिल 1994 ला मराकेशमध्ये सह्या झाल्या. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाने तो 288 विरुद्ध 146 आणि सिनेटने 76 विरुद्ध 24 मतांनी मंजूर केला. दोन तृतीयांशांची अट असलेला ‘तह’ म्हणून तो सिनेटपुढे आलाच नाही. दोन्ही सभागृहांचं साधं बहुमत, हा मार्ग त्यासाठी घेतला होता. दिल्लीत संसदेत वाद झडले, पण मंजुरीचं मतदान घटनेनुसार लागत नव्हतं आणि ते झालं नाही.

यातली एक मुलगी शिरोळ तालुक्यातली, ऊस पिकवणाऱ्या घरातली. ‘हा दिल्लीचा विषय, कोल्हापुरात श्रोते झोपतील,’ असं तिचं म्हणणं. तिला एफआरपीची, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराची गोष्ट सांगितली. 2019 मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी याच व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर 2021 मध्ये संघटनेच्या निवाडा मंडळाने सांगितलं की ऊस उत्पादकाला भारत देत असलेला आधार उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांची मर्यादा ओलांडतो. त्या आधारात आपली एफआरपीच धरली होती. भारताने जानेवारी 2022 मध्ये अपील केलं. ते ऐकायला अपील मंडळावर एकही सदस्य नाही, कारण अमेरिका नेमणुका अडवून बसली आहे. म्हणून प्रकरण लोंबकळलं आहे. ज्या मर्यादेवर आपल्या उसाचा दर बेकायदा ठरू शकतो, ती मान्य करताना आपल्या खासदाराला हात वर करायची वेळ आली नव्हती. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत बसलेल्या माणसाला हे सांगा, तो झोपणार नाही.

मात्र त्याच कराराची दुसरी बाजूही आहे, आणि ती प्रतिकूल गटाच्या हाती जाईल. करारानुसार पेटंट कायदा बदलायला सरकारला संसदेकडे यावंच लागलं. 2005 च्या दुरुस्तीत कलम 3(ड) कडक झालं आणि जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळवणं अवघड झालं. म्हणजे सहीनंतर अकरा वर्षांनीही संसदेचा शब्द चालला.

दुसरी जोडी मला जास्त बोलकी वाटते: भारत-अमेरिका अणुकरार. अमेरिकन काँग्रेसने 2006 मध्ये हाइड कायदा करून अटी घातल्या आणि 2008 मध्ये कराराच्या मजकुरावर मतदान केलं: प्रतिनिधिगृहात 298 विरुद्ध 117, सिनेटमध्ये 86 विरुद्ध 13. आपल्याकडे डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला आणि 22 जुलै 2008 ला मनमोहन सिंग सरकारने 275 विरुद्ध 256 मतांनी विश्वासमत जिंकलं. करार आमच्या लोकसभेत जास्त तापला, पण मत पडलं ते सरकारवर. करार आवडतो पण सरकार नको, किंवा सरकार हवं पण करार नको, असं म्हणणाऱ्या खासदाराला बटणच नव्हतं. माझ्या मते तुमच्या भाषणाचा कणा हाच असावा.

अमेरिकेचं फार कौतुकही करू नका. 1920 मध्ये पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह 49 विरुद्ध 35 असा सिनेटमध्ये पडला. बहुमत होतं, दोन तृतीयांश नव्हते. पुढे अध्यक्षांनी सिनेट टाळून करार करायचा रस्ता रुंद केला. 2015 चा इराण करार तसाच झाला, आणि 2018 मध्ये पुढच्या अध्यक्षांनी तो तितक्याच सहज सोडला. युद्धाचंही तसंच. काँग्रेसने शेवटचं युद्ध पुकारलं 1942 मध्ये. कोरिया आणि व्हिएतनामची युद्धं त्यानंतरची, न पुकारताच लढलेली. अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काँग्रेसने 1973 मध्ये कायदा केला की तिच्या संमतीशिवाय सैन्य लढवायला साठ दिवसांचीच मुदत, तोही अध्यक्षांना फारसा आवरत नाही.

भूभाग सोडायचा असेल तर आपल्याकडेही घटनादुरुस्ती लागते. बांगलादेशाशी 1974 चा सीमाकरार त्यामुळेच 2015 च्या शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर पूर्ण झाला.

तर बाजू कोणती? विषयाचे शब्द आयोजकांकडून नीट विचारून घ्या. ‘सर्व करार’ असेल तर प्रतिकूल घ्या. हवाई सेवेपासून सांस्कृतिक देवाणघेवाणीपर्यंत प्रत्येक कागद सभागृहात आणणं कुणालाच पटवता येणार नाही. ‘सर्व’ नसेल तर अनुकूल घ्या, पण दोन तृतीयांशांची मागणी करू नका. शेती, पैसा आणि कायदा बदलणाऱ्या करारांना साधं बहुमत, एवढंच मागा. समोरून वाटाघाटींच्या गुप्ततेचा मुद्दा येईल. तेव्हा 1994 ची अमेरिकन पद्धत सांगा: वाटाघाटी सरकारने केल्या, आणि काँग्रेसने मजकुरात बदल न करता फक्त हो की नाही एवढंच ठरवलं.