वडोदऱ्याहून ट्रान्सफॉर्मर परदेशी: मकरपुऱ्यातल्या एका वाहतूकदाराची सेवा

या मंडळींचं खरं बळ रूट सर्व्हेत आहे. दहेज किंवा हजिरा बंदरापर्यंतचा प्रत्येक पूल, वळण आणि विजेच्या तारांची उंची ते ट्रेलरवर चढवलेल्या मालाच्या उंचीशी ताडून पाहतात. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल काढून टाकीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरला की वाटेत त्याचा दाब नोंदवत राहतात, कारण दाब उतरला तर ओल थेट इन्सुलेशनमध्ये शिरते. इम्पॅक्ट रेकॉर्डर, म्हणजे वाटेतले धक्के नोंदवणारं यंत्र, बंदरावरही काढत नाहीत, हे फार मोलाचं. कारण जास्त धक्के क्रेनने उचलतानाच बसतात. लाकडी पॅकिंगवरचा आयएसपीएम-१५ शिक्काही (लाकूड कीडमुक्त केल्याची आंतरराष्ट्रीय खूण) तपासतात. विमानाने फक्त बुशिंगसारखे (तारा जोडायचे इन्सुलेटर) सुटे भाग पाठवावेत. कोटेशन मात्र अर्धवट असतं: तारा उचलण्याचा आणि ट्रेलर अडकून पडल्याचा खर्च लेखी मागून घ्या.