इंदिरानगरचं मासळीचं दुकान: तारली घ्यायची तर गणपतीनंतर

मी मूळची मालवणची, इथे कॉलेजात भूगोल शिकवते. नाशिकात मासळीवाल्याकडून माझी अपेक्षा एकच: माल कुठला आणि कधीचा, ते खरं सांगावं. इथले दादा सांगतात. "ताई, पापलेट आज राहू द्या, बर्फातलं आहे. तारली न्या, मंगळूरची आलीये." गिऱ्हाइकाला महागाच्या मालावरून स्वस्तावर आणणारा दुकानदार मला तरी दुसरा भेटलेला नाही.

श्रावण-गणपती उरकले की इथली तारली खावी. कारण अर्थातच दादांच्या हातात नाही. जून ते सप्टेंबर केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगत वारा दक्षिणेकडे वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून आत समुद्रात सरकतं आणि त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. हेच अपवेलिंग. मेलेले जीव खाली जाऊन कुजतात, त्यांचं नायट्रेट, फॉस्फेट त्या पाण्यात साठलेलं असतं. शेताला खत पडावं तसं ते उजेडात येतं आणि डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं फोफावतात. तारली त्यांच्यावर पोसते, पावसाळा संपता संपता अंगात चरबी धरते. गेल्या खेपेची तारली तव्यावर पडताच स्वतःचंच तेल सोडायला लागली. मी बाटलीला हातही लावला नाही. गोव्याच्या वर या अपवेलिंगचा जोर ओसरतो, म्हणून माल दक्षिणेचा आहे का, हे मी आवर्जून विचारते.

दरवर्षी मिळेलच असं मात्र नाही. केरळात 2012 साली जवळपास 4 लाख टन तारली सापडली होती, 2021 मध्ये साडेतीन हजार टनसुद्धा नाही. तेव्हा टोपली रिकामी दिसली तर दादांशी हुज्जत घालू नका.

एक तारा कापते तो साफसफाईचा. दुकानातला मुलगा घाईत बांगड्याचे कल्ले तसेच ठेवतो, समोर उभं राहून काढून घ्यावे लागतात. रविवारी तर उशिरा जाऊच नका, उरलासुरला माल पदरात पडतो. 1 जून ते 31 जुलै आपल्याकडे मासेमारी बंद. तेव्हा इथे रोहू-कटला असतो. तो कसा असतो ते मला विचारू नका, मी घेत नाही.