रॅम ९०० ची, डोळा बोर्डावर

जुन्या डेस्कटॉपात स्वस्तात रॅम वाढवायला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ८ जीबीची डीडीआर३ (जुन्या पिढीच्या रॅमची) स्टिक कशी गळ्यात मारतात, ते मी भोगलंय.

घाटंजी तालुक्यात माझं छोटं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, दाखले, पीक विमा असली कामं. मशीन इंटेलचं, एच६१ चा बोर्ड (मदरबोर्ड), दुसऱ्या पिढीचा आय३, रॅम ४ जीबी. जुलैत विम्याची गर्दी झाली की ब्राउझरात पोर्टल, त्यात पासबुकाचं स्कॅन, आणि समोर उभा माणूस विचारतो, "झालं का जी?" मशीन मात्र जागचं हलत नाही. हा बोर्ड दोन स्लॉट मिळून १६ जीबीपर्यंत घेतो, म्हणून ८ ची एक स्टिक टाकायचं ठरवलं. विंडोज १० चा कंपनी सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ या मशीनवर रीतसर बसत नाही, हे ठाऊक आहे. पण नवीन मशीन म्हणजे कापूस विकला जाईपर्यंत थांबणं आलं.

जिल्ह्याच्या गावी एका दुकानात गेलो. बोर्डाचं आणि प्रोसेसरचं नाव चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. दुकानदारानं चिठ्ठी वाचली, म्हणाला, "लागते नं भाऊ, डीडीआर३ त डीडीआर३ च लागते. तुमच्यासमोर चालू करून देतो." पुठ्ठ्यावर एक उघडा बोर्ड मांडलेला होता. त्यात स्टिक बसवली, विंडोज सुरू केलं, स्क्रीनवर ८ जीबी दाखवली. ९०० रुपये दिले. पक्कं बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर रक्कम लिहून वर शिक्का हाणला: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

सेंटरवर येऊन स्टिक लावली. नुसती पोंऽ पोंऽ, स्क्रीन काळी. स्लॉट बदलला, संपर्काच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसल्या, बोर्डावरचा सेल काढून परत लावला. तेच. जुनी ४ जीबी लावली की दोन्ही स्लॉटमध्ये मशीन झटक्यात सुरू.

परत घेऊन गेलो. आता खरा खेळ सुरू झाला. त्यानं पुन्हा त्याच उघड्या बोर्डावर स्टिक चालवून दाखवली आणि म्हणाला, "आमच्या मशीनवर चालते, तुमच्यावर चालत नाही, म्हंजे तुमचा बोर्ड गेला नं भाऊ. एक सेकंडहँड बोर्ड पडला आहे, २२०० त देऊन टाकतो. प्रोसेसर बी त्याच्यातच हाय."

या वेळी मी त्या उघड्या बोर्डाकडे नीट पाहिलं. त्यावरचा पंखा दोन बाजूंच्या हुकांनी प्लास्टिकच्या चौकटीत अडकवलेला होता. ही एएमडीची, म्हणजे इंटेलच्या स्पर्धक प्रोसेसर कंपनीची पद्धत. त्या काळच्या इंटेलच्या कंपनी पंख्याला चार कोपऱ्यांत चार दाबायच्या खुंट्या असतात. म्हणजे माझ्या चिठ्ठीवर इंटेल लिहिलेलं असताना चाचणी एएमडीवर. आणि २२०० चा तो बोर्डही एएमडीचाच.

यातली गोम अशी. ८ जीबीच्या साध्या डीडीआर३ स्टिकवर सहसा १६ चिपा असतात आणि प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. प्रोसेसर रॅमशी एका वेळी ६४ बिटांनी बोलतो; ती रुंदी भरायला अशा आठ चिपा पुरतात, म्हणून १६ चिपांचे दोन गट पडतात. या स्वस्त स्टिकवरही १६ च चिपा, पण प्रत्येक ४ बिटवाली. असल्या चिपा मुळात सर्व्हरच्या रॅमसाठी असतात. त्या काळचे एएमडीचे डेस्कटॉप बोर्ड बहुधा त्या चालवून घेतात, इंटेलचे घेत नाहीत. स्टिक खराब नाही, तुमचा बोर्डही खराब नाही. दोघांचं जुळत नाही, एवढंच. चिपा मोजून काही कळणार नाही.

कळतं ते लेबलावरून. नीट लेबलावर '२आरx८ पीसी३-१२८००यू' असं काहीतरी असतं. २आर म्हणजे तेच दोन गट. x नंतर ८ पाहिजे, ४ नको. १२८०० म्हणजे १६०० चा वेग. माझा दुसऱ्या पिढीचा आय३ ती १३३३ वरच चालवतो, त्यात बिघाड काही नाही. शेवटचा यू म्हणजे साधी डेस्कटॉपची, एस म्हणजे लॅपटॉपची, आर म्हणजे सर्व्हरची. माझ्या स्टिकवर यातलं काहीच नव्हतं, नुसतं '८ जीबी १६००' छापलेलं चकचकीत स्टिकर, तेही नेमकं चिपांवर चिकटवलेलं. ते नखानं सोलून काढलं. खाली सॅमसंगच्या चिपा, नंबर के४बी४जी०४ पासून सुरू होणारा. ८ बिटवाल्या चिपेवर त्या जागी के४बी४जी०८ असतं. हायनिक्सच्या चिपेवर ४जी नंतर ८३ असेल तर ठीक, ४३ असेल तर हीच भानगड. चिपांवरचे नंबर घासून टाकलेले दिसले तर पुढे बोलूच नका.

दुकानदाराला हे दाखवल्यावर तो म्हणाला, "एवढं कोण पाहते बाप्पा!" पैसे द्यायला नाहीच म्हणाला.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं; बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. शिक्क्यानं कायदा बदलत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी सेंटर चालवणारा माणूसही या कायद्यात ग्राहकच. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, चिठ्ठीचा आणि सोललेल्या स्टिकचा फोटो जोडला. काही दिवसांनी दुकानातून फोन आला, "या, पैसे घेऊन जा." ९०० मिळाले. बसभाड्याचं नाव कोणी काढलं नाही.

नंतर नागपूरला सीताबर्डीत दुसरी स्टिक घेतली, पण एसटीत मांडीवर कॅबिनेट घेऊन गेलो आणि माझ्याच मशीनमध्ये लावायला सांगितली. बिलावर स्टिकचा पार्ट नंबर लिहून घेतला. दुकानदार जरा कुरकुरला, पण लिहिला.

पांढरकवडा रोडवरच्या एका फोटो स्टुडिओवाल्या भावाला मात्र त्या पहिल्या दुकानानं रॅमही विकली आणि पाठोपाठ बोर्डही. त्याचा जुना इंटेलचा बोर्ड 'गेलेला' म्हणून दुकानातच ठेवून घेतला. तो धड होता असं त्याला आता वाटतं, पण दाखवायला बोर्डच हातात नाही. चिठ्ठी आहे. तिच्यावर तक्रार लिहायला तो रविवारी सेंटरवर येणार आहे. तुमच्याकडेही त्या बाजूची अशी चिठ्ठी असेल तर सोबत घेऊन या.