अर्धवट डाव : खानापूर-उद्यमबाग बसमधले अकरा महिने

खानापूर स्टँडवर पहिल्या शिफ्टवाल्यांची बस मिळाली की बेळगावच्या उद्यमबाग कारखाना वसाहतीत उतरेपर्यंत पाऊण तास हातात असतो. त्यातली दहा मिनिटं तिकीट, सुट्टे पैसे आणि ओळखीच्यांना हात करण्यात जातात. उरलेली पस्तीस मिनिटं गेले अकरा महिने मी निन्टेन्डो स्विच या हातात धरायच्या गेम-यंत्रावर स्ट्रॅटेजी, म्हणजे डावपेचांचे गेम खेळतोय. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली तर तेवढीच पुन्हा. पहिल्याच महिन्यात हे लिहिलं असतं तर निम्मं चुकीचं लिहिलं असतं, कारण तेव्हा मी कॅन्टीनमध्ये छातीठोक सांगत होतो की सिव्हिलायझेशन ६ (साम्राज्य उभं करायचा खेळ) एक नंबर, बाकी सगळं पोरखेळ.

यंत्र ओलेड मॉडेल, सात इंची पडद्याचं. मावसभाऊ दुबईहून येताना घेऊन आला. आपल्याकडे त्याची अधिकृत विक्री नाही, त्यामुळं वॉरंटी म्हणजे देवाचं नाव. आधी बेळगावात एका दुकानात चौकशी केली होती, पण भाव ऐकून पुढ्यात आलेला चहासुद्धा अर्धा टाकून बाहेर आलो. गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकानही भारतासाठी नाही. खातं दुसऱ्या देशाचं काढायचं आणि गिफ्ट कार्ड घालून खरेदी करायची, असा द्राविडी प्राणायाम आहे. एकदा जमलं की जमतं.

आता मुद्द्याचं. बसमध्ये कुठलाच डाव पुरा होत नाही. गणेबैलला गर्दी चढते, कंडक्टर "मुंद होगरी, मुंद होगरी" करत येतो, शेजारच्या मावशी मांडीवर पिशवी ठेवतात, आणि नेमकी चाल सुचत असताना पिरनवाडी येतं. यंत्राचं काय, बटण दाबलं की झोपतं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उठतं. माझं डोकं तसं उठत नाही. मधे आठ तास मी मायक्रोमीटर घेऊन जॉब, म्हणजे घडवलेले सुटे भाग, मोजलेले असतात. संध्याकाळी पडदा उघडला की कुणाला कुठं पाठवत होतो, कुणाशी तह केला होता, काही म्हणजे काही आठवत नाही. म्हणून माझी कसोटी एकच झाली : अर्धवट सोडलेला पट परत उघडल्यावर एका नजरेत कळतो की नाही.

या कसोटीवर इन्टू द ब्रीचच्या आसपास दुसरं कुणी नाही. २०१८ मधला खेळ, सबसेट गेम्सचा. पट आठ बाय आठचा, म्हणजे आपला बुद्धिबळाचाच. तुमची तीन लढाऊ यंत्रं, समोर जमिनीतून निघणारे राक्षसी किडे, आणि त्यांच्यापासून वाचवायच्या शहराच्या इमारती. बहुतेक लढाया पाच चालींत संपतात. आणि गंमत अशी की किडे पुढच्या चालीला कुणाला मारणार हे आधीच पटावर दाखवलेलं असतं. आज्जीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आदी सांगून मारालाय व्हय? मग तू हरालास कसा?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

खरं तर सगळं दिसत असूनच हरतो आपण. तीन यंत्रं आणि पाच संकटं असतात. प्रत्येकाला मारत बसलात तर पुरत नाही. मारण्यापेक्षा ढकलणं महत्त्वाचं. किडा एक घर सरकला की त्याचा वारही एक घर सरकतो, दिशा मात्र तीच राहते. शहरावर धरलेला नेम दुसऱ्या किड्यावर जातो. जमिनीवरचा किडा पाण्यात ढकलला तर तिथंच मेला, उडणारा मात्र मरत नाही. हे एकदा अंगवळणी पडलं की माणूस पटाकडे वेगळंच बघायला लागतो.

पावसाळ्यातली एक सकाळ सांगतो. शेजारी नंदगडकडचे एक वयस्क काका बसलेले, धोतर, टोपी, पायाशी केळीच्या पानांचा बिंडा. देसूरपर्यंत ते गप्प बघत होते. माझी शेवटची चाल उरलेली, हाताशी फक्त रणगाडा. जवळ एक गांधीलमाशी शहराला टेकून, आधीच मार खाल्लेली, एका ठोक्यावर आलेली. लांब एक काजवा, तो दुसऱ्या इमारतीवर नेम धरून. दोन्ही इमारती पडल्या तर खेळ खलास. मी साहजिकच जवळच्या माशीवर तोफ लावली. तेवढ्यात काकांचं बोट पडद्यावर आलं, मातीनं काळवंडलेलं नख. "इद बिट्टु, अद होडीरी." हे सोडा, ते मारा. मला वाटलं यांना काय कळतंय. मग बघितलं. काजव्याला बाजूनं गोळा मारला तर तो मरत नाही, पण एक घर सरकतो. सरकला की त्याच्या नेमाच्या रेषेत गांधीलमाशी येते. आणि वार करायचा पहिला नंबर काजव्याचाच. म्हणजे तोच तिला मारणार, तिचा नंबर यायच्या आधी. एका गोळ्यात दोन्ही इमारती वाचल्या. काकांना सांगायला मान वळवली तर मच्छे आलं होतं आणि ते बिंडा सावरत दाराकडे निघाले होते. निकाल त्यांनी बघितलासुद्धा नाही.

खेळ इंग्रजीत, सल्ला कन्नडमध्ये, आणि मी मनातल्या मनात मराठीत शिव्या घालतोय. चांगल्या पटाला भाषा लागत नाही हे आमच्याकडे चौकाबारा खेळणाऱ्या कुठल्याही म्हातारीला माहीत आहे.

जुलै २०२२ मध्ये इन्टू द ब्रीचची वाढीव आवृत्ती आली, आधी घेतलेल्यांना फुकट. त्याच महिन्यात नेटफ्लिक्सच्या सदस्यांसाठी मोबाइलवरही आला. पण मोबाइलवर बोट पटावरच येतं, आणि जिथं बघायचं तेच झाकतं. बटणांवर बरं वाटतं. अकरा महिन्यांत खेळातली चारही बेटं पार करून शेवट गाठायला मला कितीदा तरी नव्यानं सुरुवात करावी लागली, आणि त्याचं वाईट वाटलं नाही. हरलेला डाव अर्ध्या-पाऊण तासाचाच असतो.

दुसरा नंबर ॲडव्हान्स वॉर्स १+२ री-बूट कॅम्पला देतो, पण तो बसमुळं नाही. आषाढात खानापूर तालुक्यात पाऊस लागला की लाइट जाते, आणि गेली की कधी येईल ते पावसालाच माहीत. इन्व्हर्टर पंखा-दिव्याला पुरतो, टीव्हीला नाही. अशा रात्री मी आणि धाकटा भाऊ घोंगडं घेऊन एकच यंत्र आलटून पालटून खेळतो. एका यंत्रावर चौघांपर्यंत खेळता येतं. खेळातलं धुकं चालू असलं की दुसऱ्याचं सैन्य दिसत नाही, म्हणून ज्याची चाल नाही त्यानं भिंतीकडे तोंड करायचं असा आमचा नियम. धाकटा भिंतीवरल्या काचेच्या कपाटात बघायचा, हे तिसऱ्या रात्री कळलं.

हा खेळ मूळचा २००१ चा, गेम बॉय ॲडव्हान्सवरचा. नवीन रूपात २०२१ च्या डिसेंबरात यायचा होता, मग लांबला, मग युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा रणगाडे-विमानांचा खेळ बाजारात आणणं निन्टेन्डोला बरं वाटलं नाही, आणि शेवटी एप्रिल २०२३ मध्ये आला. हिशोब अगदी रोखठोक. एका शहराचे वीस गुण, तुकडीची ताकद जेवढी तेवढे ती रोज कमी करते, म्हणजे दहा ताकदीची पायदळ तुकडी दोन दिवसांत ते घेते. मार खाऊन ती सातवर आली की तीन दिवस लागतात. त्या एका जास्तीच्या दिवसात सगळी लढाई फिरते. प्रत्येक शहर रोजचे हजार देतं, आणि एक पायदळ तुकडी हजारालाच मिळते. धाकटा शिकवणीला जायच्या वयाचा, पण हा भागाकार त्याला कुणी शिकवावा लागला नाही. बसमध्ये मात्र मोठ्या नकाशांवर गाडी अडते. तीस तुकड्या हलवता हलवता उद्यमबाग येतं आणि कोण हलला, कोण राहिला याचा मेळ संध्याकाळी लागत नाही.

फायर एम्ब्लेम : थ्री हाउसेस (२०१९) लोक डोक्यावर घेतात. मीही घेतला असता. मठातल्या शाळेत तुम्ही मास्तर, तीन गटांतला एक निवडायचा, पोरांना तयार करायचं, महिन्याअखेर लढाई. क्लासिक प्रकारात मेलेला विद्यार्थी परत येत नाही, फक्त काळ थोडा मागं फिरवायची काही मोजकी संधी असते. लढाया छान आहेत. पण लढायांच्या मधे मठातून फिरणं, हरवलेल्या वस्तू परत देणं, मासे पकडणं, विद्यार्थ्यांना चहाला बोलावणं! माझा चुलतभाऊ शाळामास्तर आहे, त्याला हे दाखवलं तर म्हणाला, "जनगणना नाही काय यात?" गणपतीत बारा दिवस यंत्र हातात घेतलं नाही. परत उघडलं तेव्हा वीस-पंचवीस नावं, कुणाला घोडा दिला, कुणाला तलवार शिकवत होतो, सगळं धुऊन गेलेलं. तिथंच थांबला तो खेळ. लांब सुट्टी असेल, माडीवर एकट्यानं बसता येत असेल, तर जरूर घ्या. वाईट खेळ नव्हे तो.

एक्सकॉम २ या परग्रहवासीयांशी लढायच्या खेळात सैनिकांना आपल्याला हवी ती नावं देता येतात. हीच चूक केली. आमच्या सेक्शनची पाच जणं घातली. पडद्यावर नेम लागायची शक्यता ८५ टक्के लिहून येतं आणि गोळी बाजूनं जाते. क्वालिटीत काम करणाऱ्या माणसाला ८५ टक्के म्हणजे शंभरातले पंधरा रिजेक्ट हे समजायला हवं, पण समोर परग्रहवासी उभा असला की समजत नाही. सीएनसी मशीनवरचा एक जण पहिल्याच मोहिमेत गेला. त्याला सांगितलं तर त्यानं माझ्याशी दोन दिवस बोलणं सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी कुंदा आणल्यावर मिटलं. एका मोहिमेला माझी पस्तीस मिनिटं हमखास अपुरी पडतात, आणि लोडिंगलाही वेळ जातो. रात्रीचा खेळ आहे.

वॉरग्रूव्ह ॲडव्हान्स वॉर्सच्याच घरातला वाटतो. त्यातली सैनिक कुत्री मला फार आवडली, बाकी विशेष सांगण्यासारखं नाही. वेळेवर पळणारे, म्हणजे चाली नसलेले स्ट्रॅटेजी खेळ खड्ड्यांच्या रस्त्यावर नकोतच. जॉयस्टिकच्या काडीवर अंगठा ठेवून नेम धरेपर्यंत बस आदळते आणि सैन्य समुद्राकडे निघतं. बॅड नॉर्थ त्यातल्या त्यात बरा, कारण छोटं बेट, होड्यांतून चढून येणारे शत्रू, आणि हुकूम देताना वेळ मंदावतो. शेजारची पोरं दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करत होती, त्यांनी तो बघितला आणि किल्ल्याच्या पायथ्याला लगेच होड्या लावल्या.

पॉलिटोपियाबद्दल थोडं जास्त. परफेक्शन प्रकारात तीस चालींत डाव संपतो, पट छोटा, चित्रं ठोकळ्यांची. सिव्हिलायझेशनचं नातवंड म्हणा. जाता-येता मिळून एक डाव आटोपतो, आणि अर्ध्यात उघडला तरी कळतो. ज्याला इन्टू द ब्रीच फार घट्ट वाटेल त्यानं हा घ्यावा.

आणि सिव्हिलायझेशन ६. मूळ २०१६ चा, स्विचवर नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. खेळ म्हणून माझं मत बदललेलं नाही, अजूनही सगळ्यात मोठा तोच. नेहमीच्या वेगानं पूर्ण डाव ५०० चालींचा, इसवी सनापूर्वी ४००० पासून २०५० पर्यंत. भारत घेतला तर गांधीजी, आणि वेगळा विकत मिळणारा वाढीव भाग घेतला असेल तर चंद्रगुप्तही. भारताला खास पायऱ्यांची विहीर बांधता येते, तिनं अन्न वाढतं आणि वस्तीही. शेतकऱ्याच्या घरचा असल्यामुळं मी गरज नसताना जागोजागी विहिरी बांधत सुटलो आणि शेजारी घोडे घेऊन आला. पण सात इंचात ती अक्षरं! चाळिशीच्या चष्म्याची वेळ अजून दोन वर्षं तरी यायची नव्हती, ती या खेळानं जवळ आणली. शेवटच्या शतकांत तर समोरच्यांच्या चाली संपेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. बसमध्ये तीन चाली होतात, त्यातल्या दोन काल काय ठरवलं होतं ते आठवण्यात. आता तो फक्त रविवारी, टीव्हीला जोडून. टीव्हीवर बघितल्यावर वाटलं, अरे, हा वेगळाच खेळ आहे.

बाकी बारीकसारीक. कंपनी ओलेडची बॅटरी साडेचार ते नऊ तास सांगते. इन्टू द ब्रीचसारखा हलका खेळ असेल तर सोमवारी भरलेली मला गुरुवारपर्यंत येते. सकाळचं ऊन खिडकीतून पडद्यावर पडलं की काहीच दिसत नाही, म्हणून मी पश्चिमेची बाजू धरतो. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि तीही डब्यापासून लांब, हे आमटी सांडल्यावर शिकलो. गेमची कार्ट्रिज नखाएवढी असते. एक बसच्या सीटखाली गेली ती गेली. तिला मुद्दाम कडू लेप असतो, पोरांनी तोंडात घालू नये म्हणून. भाच्यानं तरी चाटून बघितली, आणि आज्जीनं त्याला गुळाचा खडा दिला.

चंद्रगुप्त सध्या २८७ व्या चालीवर उभा आहे, शेजाऱ्याचे घोडे सीमेवर. गेले दोन रविवार लाइट नव्हती.