व्हीलचेअरवरून गळ टाकायची तरंगती जेट्टी: ऑगस्ट ते जून वापरल्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगतो. तलाव भरलेला असताना ही जेट्टी उत्तम आहे. जानेवारीनंतर ती एकट्याने वापरण्यासारखी राहत नाही. दोष जेट्टीत फारसा नाही, तो किनाऱ्यावरच्या टेकणात आहे, म्हणजे जेट्टीकडे नेणारा पूल काठावर जिथे टेकतो त्या जागेत. नवी जेट्टी बांधायला निघालेल्यांनी एवढंच वाचलं तरी पैसे वाचतील. पुढचा तपशील त्यांच्यासाठी आणि खुर्चीवरून गळ टाकणाऱ्यांसाठी.

नागपुरात तलाव भरपूर, पण खुर्चीवरच्या माणसाला पाण्यापर्यंत नेणारी जागा मिळणं कठीण. गांधीसागर तलावाला चारी बाजूंनी दगडी भिंत आणि लोखंडी कठडा. जिल्ह्यातल्या जुन्या तलावांना मातीची पाळ म्हणजे बांध असतो, आतल्या अंगाला दगडी पिचिंग, म्हणजे बसवलेल्या दगडांचा थर, आणि तिथला उतार 1:2 किंवा 1:3 (1 मीटर उंचीला 2 किंवा 3 मीटर आडवं अंतर). रॅम्पला 1:12 हवा. म्हणून पाळ फोडून रॅम्प काढायची कल्पना अनेकांना सुचते. ते अजिबात करू नका. पिचिंग उचकटलं की तिथून झिरपा सुरू होतो. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, ते पाहिलेल्या शहरात तलावाची पाळ काय सांभाळते हे वेगळं सांगायला नको. जागा पाळीवर न शोधता बाजूच्या नैसर्गिक काठावर शोधावी. आम्ही वापरतो ती जेट्टी तशीच, उमरेड रोडकडच्या एका जुन्या तलावाच्या बाजूच्या काठाला आहे.

जेट्टी एचडीपीई क्यूबची, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पोकळ प्लास्टिकच्या तरंगत्या ठोकळ्यांची आहे. एक क्यूब 500 × 500 × 400 मिमी, म्हणजे चौरस मीटरला चार. डेक 6 मीटर × 3 मीटर, एकूण 72 क्यूब. हिशेब सोपा आहे: एका चौरस मीटरवर 10 किलो ठेवले की 1 सेंमी बुडतं. 18 चौरस मीटरच्या डेकवर चार खुर्च्या आणि मदतनीस धरून 600 किलो चढले, तर साडेतीन सेंमीही बुडत नाही. पण सगळे एकाच कडेला गेले की त्या कडेचं बुडणं तिप्पट होतं आणि डेकला 1:20 च्या आसपास उतार येतो. मोठा मासा लागला की सगळे त्याच कडेला धावतात! तेव्हा खुर्ची पाण्याकडे सरकू पाहते. म्हणून दोन खुर्च्या एका बाजूला, दोन समोरच्या बाजूला असाच नियम ठेवावा. बॅटरीची खुर्ची एकटीच 100 किलोच्या घरात जाऊ शकते, तिला मध्यावर जागा द्यावी. दीड मीटर रुंदीची जेट्टी स्वस्त पडते म्हणून कोणी सुचवलं तर नको म्हणा. ती डोलते, आणि खुर्ची वळवायला 1.5 मीटरचं वर्तुळ लागतं ते कठड्याच्या आत बसतच नाही.

क्यूबच्या वरच्या पृष्ठभागावर घसरू नये म्हणून उंचवटे असतात. पायी चालणाऱ्याला ते बरे, पण खुर्चीची पुढची लहान चाकं त्यावर खडखडतात आणि आखडणारे पाय त्या हादऱ्याने आणखी आखडतात. वर फळ्या बसवल्यावर हा त्रास गेला. फळ्या आडव्या, म्हणजे चालण्याच्या दिशेला काटकोनात टाकाव्यात आणि फट 12 मिमीच्या वर जाऊ देऊ नये. उभ्या फटीत पुढचं चाक अडकलं की माणूस तोंडावर पडतो.

आता कठडा, कारण खरी गंमत किंवा खरा वैताग इथेच ठरतो. मुळात तो चारी बाजूंनी 1000 मिमी होता. बसलेल्या माणसाच्या खांद्याजवळ कठड्याची नळी येते, रॉड आडवा फिरत नाही, रील नळीला आपटते. मासेमारीच्या जेट्टीसाठी स्पष्ट मापं अमेरिकेच्या 2010 च्या सुगम्यता मानकांत मिळतात: कठडा असेल तर त्याचा किमान 25 टक्के भाग 865 मिमीच्या वर नसावा. त्याप्रमाणे पाण्याकडची एक बाजू कापून 860 मिमी केली आणि जेट्टीचा उपयोग एकदम बदलला. खालची कडपट्टी 100 मिमी होती, तीही 50 मिमी करून घेतली. कारण असं: बहुतेक खुर्च्यांची पायपट्टी जमिनीपासून 5 ते 7 सेंमी वर असते. 100 मिमीच्या पट्टीला ती आधीच टेकते आणि माणूस वीतभर मागे अडतो. 50 मिमीची पट्टी चाक थांबवते, पायपट्टी मात्र वरून पुढे जाते. त्या वीतभर अंतरातच मासा उचलायची जाळी पाण्यापर्यंत पोचते की नाही ते ठरतं.

सगळ्यात मोठी अडचण गँगवेची, म्हणजे काठ आणि डेक जोडणाऱ्या पुलाची. तो 9 मीटर लांब आणि 1.2 मीटर रुंद आहे. तलाव तुडुंब असताना किनाऱ्याचं टेकण डेकपेक्षा 30 सेंमी वर असतं, म्हणजे उतार 1:30, आरामात. डिसेंबरात पाणी 60 सेंमी उतरलं की 1:10. फेब्रुवारीत आणखी 60 सेंमी गेलं की 1:6, इथे दंडात जोर असलेला माणूसही परतताना अर्ध्यावर थांबतो. एप्रिलमध्ये 1:4 च्या जवळ, तेव्हा मागे एक आणि पुढे एक माणूस असल्याशिवाय उतरू नये, आणि उतरायचं ते पाठ पाण्याकडे करून. बसवणाऱ्यांनी पाहणी सप्टेंबरात केली, टेकण भरल्या पाण्यावर धरलं आणि उन्हाळ्याची पातळी कोणाला विचारलीच नाही. तलाव ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार संस्थेतले ढीवर बांधव हातभर अंतराने सांगू शकले असते की पाणी कोणत्या महिन्यात कुठल्या दगडापर्यंत जातं.

उपाय आहे. काठावर 1:12 चा काँक्रीट रॅम्प भरल्या पाण्याच्या रेषेच्या खालपर्यंत न्यायचा, दर 9 मीटरवर 1.5 मीटरचा सपाट टप्पा ठेवायचा, आणि गँगवेच्या किनाऱ्याकडच्या टोकाला चाकं लावून तो पाण्याबरोबर खाली सरकवायचा. यात दोन कामं वाढतात. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या रॅम्पवर गाळ आणि शेवाळ असतं, ते तारेच्या ब्रशने आणि वाळूने घासावं. ब्लीचिंग पावडर वापरू नये, ती वाहून पाण्यातच जाते. दुसरं म्हणजे नांगराच्या साखळ्या. पाणी उतरलं की त्या सैल पडतात, वाऱ्याने जेट्टी तिरकी सरकते आणि गँगवेचं टोक पिळवटतं. इथे एक बिजागरी अशीच वाकली. पंधरा दिवसांतून एकदा साखळी आवळावी, त्याच फेरीत क्यूबच्या कोपऱ्यातल्या पिनाही तपासाव्यात.

गँगवे आणि डेकच्या सांध्यावरची पत्री 450 मिमी होती. उतार वाढला की सांध्यावर खळगा होतो आणि पायपट्टी त्यात घासते. 600 मिमीची पत्री, कड तासून बसवली, तेव्हा ते थांबलं.

पार्किंगपासूनची वाट काळ्या मातीतून जाते. पेव्हर ब्लॉक पहिल्याच पावसात वरखाली झाले. काळी माती फुगते आणि आकसते, वर काहीही घाला. ती फूटभर काढून मुरूम दाबून भरला, वर 100 मिमी काँक्रीट, झाडूने खरखरीत केलेलं. ती वाट अजून जागची हललेली नाही.

उन्हाळ्याबद्दल बाकी सगळ्यापेक्षा गंभीरपणे लिहायला हवं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. मणक्याची वरची इजा असलेल्या माणसाला इजेच्या खाली घाम येत नाही, अंग आतल्या आत तापतं. आणि पायाला संवेदना नसेल तर कठड्याच्या तापलेल्या नळीला पोटरी टेकून भाजलं तरी कळत नाही. नळीला जाड फोम गुंडाळा, मांडीवर ओला पंचा ठेवा, अंगावर शिंपडायला पाण्याची बाटली जवळ ठेवा. मार्चपासून सकाळी 9 च्या आत आवरा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, जाऊच नका. दर वीस मिनिटांनी बूड उचलून घेणं गळ पाण्यात असतानाही चुकवू नये.

खुर्चीचा ब्रेक टायरवर दाबून धरतो, म्हणून हवा कमी असेल तर तो नावालाच असतो. निघण्याआधी हवा भरा, डेकवर दोन्ही मागच्या चाकांपुढे लाकडी गुटके लावा. कठड्याला तोंड करून सरळ बसू नका, 45 अंशात बसा, म्हणजे रॉड चाकाला न लागता मागे जातो. लाईफ जॅकेट घाला आणि खुर्चीचा कमरपट्टा डेकवर सोडा. जॅकेट माणसाला वर ठेवतं, पण पट्ट्याने बांधलेली खुर्ची त्याला खाली ओढते. छाती तोलण्यासाठी पट्टा लागतच असेल तर डेकच्या मध्यावर बसून मदतनीसाच्या हाताने गळ टाका.

रॉड 7 ते 8 फुटी बरा, 12 फुटी बसून आवरत नाही. रॉड होल्डर खुर्चीच्या हाताला लावू नका. बहुतेक खुर्च्यांचा हात वर उपसून निघणारा असतो, पाच किलोच्या कतल्याने झटका दिला की हात आणि रॉड दोन्ही पाण्यात. कठड्याच्या उभ्या खांबाला 50 मिमीचा पीव्हीसी पाइप दोन क्लॅम्पने बसवा. जाळीचा दांडा 2 मीटरचा तरी हवा. मृगळ तळाला चरतो, त्याला शेंगदाणा पेंड आणि कणकेचा गोळा चालतो. कतला वरच्या थरात असतो, त्याला फ्लोट लावून गळ उथळ ठेवा. जेट्टीच्या सावलीत रोहू येतो, फार लांब फेकायची गरज पडत नाही. बसून गळ टाकणाऱ्याला हा मोठाच फायदा आहे.

जलपर्णी वाऱ्याने जेट्टीभोवती गोळा होते आणि दोरा अडकतो. रिकाम्या कॅन बांधलेला दोर दहा मीटर पुढे आडवा टाकला की बरीचशी तिथेच अडते, आठवड्याला ओढून काढावी लागते. शौचालयाचं दार 900 मिमी मोकळं उघडतं आणि आधाराच्या दांड्या पक्क्या आहेत, तक्रार नाही. यंदाच्या पावसाळ्यात, मासे अंडी घालतात तेवढे महिने गळ बंद राहील. त्याच काळात काठावर पट्टी रोवून दर आठवड्याची पातळी लिहायला सुरुवात करायची आणि ती पुढच्या जूनपर्यंत लिहायची आहे. रॅम्पचं खालचं टोक कुठे धरायचं ते त्या आकड्यांवरूनच ठरवणार आहोत.