सायकल्समधील लेन्स-परिणाम: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घड्याळे आणि काचेच्या वस्तूंचे रेंडर (संगणकीय मॉडेलवरून चित्र तयार करणे) करताना गेले काही महिने मी लेन्सचे परिणाम ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमधील कॅमेरा आणि तयार चित्रावर नंतर प्रक्रिया करणारा कंपोझिटर यांच्याच आधारे साधत आहे. माझे मत असे बनले आहे की जो परिणाम किरण भिंगातून जातानाच घडतो, तो वेळ खर्ची घालून रेंडरमध्येच करावा.

फोकसबाहेरच्या ब्लरबाबत हे विशेष जाणवते. डेप्थ पासवरून (प्रत्येक पिक्सेलचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर नोंदवणारे चित्र) कंपोझिटरमधील डिफोकस नोडने, म्हणजे प्रक्रियेच्या एका घटकाने, केलेला ब्लर झटपट होतो. पण घड्याळाच्या काचेतील प्रतिबिंबाला तो काचेइतक्याच अंतरावर धरतो, आणि पुढे आलेल्या पट्ट्याच्या धूसर कडेमागे जे दिसायला हवे त्याची माहिती त्याच्यापाशी नसतेच. ॲपर्चरच्या (लेन्सच्या छिद्राच्या) वेगवेगळ्या बिंदूंमधून किरण सोडण्याची जी पद्धत कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांनी १९८४ मध्ये मांडली, तीच सायकल्स वापरत असल्याने तेथे हे दोन्ही प्रश्न उद्भवत नाहीत. ५० मिमी लेन्स आणि एफ/२ म्हणजे २५ मिमी व्यासाचे ॲपर्चर, हा हिशेब येथेही चालतो. मात्र मॉडेल खऱ्या मापाचे हवे, नाहीतर दहापट मोठ्या घड्याळात ब्लर जवळजवळ दिसेनासा होतो.

याची किंमत नॉइजच्या, म्हणजे चित्रातील दाणेदारपणाच्या, रूपाने मोजावी लागते. शिवाय काचेआडच्या काट्यांवरील चमक इनडायरेक्ट क्लॅम्पच्या (अप्रत्यक्ष प्रकाशाच्या तेजावरील मर्यादेच्या) कक्षेत येते, त्यामुळे क्लॅम्पचे मूल्य १० वर ठेवल्यास बोकेच्या, म्हणजे फोकसबाहेरच्या चमकत्या बिंदूंच्या, चकत्या निस्तेज, राखाडी होतात. मी क्लॅम्प बराच वर नेतो आणि सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलसाठी सोडलेल्या किरणांची संख्या) वाढवतो.

सायकल्सचा नेहमीचा कॅमेरा आदर्श पातळ भिंग गृहीत धरतो. लेन्समधील प्रत्येक काचेतून किरण नेण्याची जी पद्धत कोल्ब, मिचेल आणि हॅनरहन यांनी १९९५ मध्ये दाखवली, ती तो वापरत नाही, म्हणून चकत्या कोपऱ्यापर्यंत गोलच राहतात. खऱ्या लेन्सची नळी तिरके किरण अडवते आणि कोपऱ्यातील चकत्या लिंबासारख्या लांबट होतात. कॅमेऱ्यापुढे एक काळी पोकळ नळी ठेवली की हे साधते, आणि कडांचा अंधारही आपोआप मिळतो. नळीची रे व्हिजिबिलिटी (ती कोणत्या किरणांना दिसावी हे ठरवणारी सेटिंग) फक्त कॅमेऱ्यापुरती ठेवावी, अन्यथा तिचे काळे वर्तुळ घड्याळाच्या काचेत उमटते. एवढ्या कमी कष्टांत इतका फरक पाडणारी दुसरी युक्ती मला सापडलेली नाही.

कंपोझिटरच्या लेन्स डिस्टॉर्शन नोडमधील डिस्पर्शनबद्दल (रंग वेगळे करणाऱ्या सेटिंगबद्दल) मात्र उत्साह वाटत नाही. तो कडांकडे वाढत जाणारी रंगांची फाकणी देतो. फोकसच्या पुढे-मागे दिसणारी जांभळी-हिरवी झाक त्यातून मिळत नाही. अगदी अल्प मूल्यातच तो सुसह्य होतो.

ताऱ्यासारखी चमक विवर्तनातून (छिद्राच्या कडांशी प्रकाश वळण्यातून) निर्माण होते आणि पाथ ट्रेसिंग, म्हणजे सायकल्सची किरणांचा माग काढण्याची पद्धत, ते मोजत नाही, म्हणून कंपोझिटरमध्ये अशी चमक घालणाऱ्या ग्लेअर नोडला पर्याय नाही. तेथे चमकेच्या किरणांची संख्या कॅमेऱ्याचे ॲपर्चर बनवणाऱ्या पात्यांशी जुळवावी: सम पाती असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट. कॅमेऱ्यात सात पाती आणि चमकेला सहा किरण, अशी रेंडरे सर्रास पाहायला मिळतात.